गॅस भरताना बाबा

बाबांना अर्धांगवायू झाला आणि आमचं कन्हान ते नागपूर येणं-जाणं सुरू झालं. आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपी. पेट्रोलवर ते परवडेना, म्हणून मी जुनी गाडी विकून सीएनजीवाली घेतली. डिकी सिलिंडरनं भरलेली, त्यामुळे त्यांची चाकाची खुर्ची मागच्या सीटवर आडवी पडायची आणि बाबा पुढे, माझ्या शेजारी.

घरात ते पाऊल टाकायला तयार नव्हते. "पडीन मी," एवढंच म्हणायचे. सगळी नोकरी कोळशाच्या खदानीत, जमिनीच्या पोटात काढलेला माणूस पलंगापासून बाथरूमपर्यंत जायला भीत होता. आईनं समजावलं, मी रागावले. ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

गॅस भरायला पहिल्यांदा गेलो तेव्हा पंपावर मोठी रांग होती. आमचा नंबर आला. पंपावरची मुलगी खिडकीशी येऊन म्हणाली, "ताई, सगळ्यांले उतरा लागते."

"यांची डावी बाजू चालत नाही गं. बसू दे ना."

तिनं बाबांकडे पाहिलं आणि ती घुटमळली. बहुतेक हो म्हणणार होती. तेवढ्यात बाबा बोलले. आजारानं त्यांची जीभ जड झाली होती, पण शब्द स्पष्ट आले.

"मले उतरव."

"बाबा, मागं रांग आहे."

"असू दे. गॅस आहे ते. तिनं काहून नियम मोडावा माह्यासाठी?"

मी दार उघडलं. त्यांनी डावा पाय आधी उजव्या हातानं उचलून बाहेर ठेवला, मग त्याच हातानं दाराची कड धरली आणि उठले. मागचा ऑटोवाला हॉर्न वाजवत होता. काय चाललंय ते दिसल्यावर तो स्वतःच धावत आला. "काका, खांदा धरा." बाबांनी धरला. दोघं पिवळ्या पट्ट्यापलीकडे जाऊन उभे राहिले. घामानं शर्ट ओला, पाय थरथरतोय, पण माणूस उभा!

बाबा खदानीत सरदार होते. कामगारांची पाळी आत जाण्याआधी दिवा घेऊन गॅस तपासायचा, हे त्यांचं काम. दिव्याच्या ज्योतीवर निळसर टोपी दिसली की आत गॅस आहे असं समजायचं आणि कोणालाही आत सोडायचं नाही. असं एकदा त्यांनी अख्खी पाळी खदानीच्या तोंडावर थांबवली होती. वरचे साहेब चिडले, कामगार कुरकुरले, पण बाबा हटले नाहीत. "मग काय झालं?" मी लहानपणी विचारायची. "काहीच नाही झालं," ते म्हणायचे. "काही होऊ नाही, याचाच तर पगार होता."

त्या दिवशी गाडीत परत बसल्यावर त्यांनी विचारलं, "हे कोणती गॅस आहे गा?" आजही ते मला मुलासारखंच 'गा' म्हणतात.

"मिथेन. तुमच्या खदानीतली तीच."

त्यांनी नाक वर करून हवा हुंगली. मग म्हणाले, "पण याले वास येते. आमच्यावालीले वासच नव्हता."

गळती कळावी म्हणून तो वास मुद्दाम मिसळतात, असं मी सांगितलं.

"चांगलं केलं त्याइनं," बाबा म्हणाले. कामठी येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. "जिच्या भेवानं जलम गेला, तिनंच गाडी चालून राहिली. वा!"

त्यानंतर दर खेपेला ते उतरू लागले. आधी माझा खांदा, मग नुसता हात, मग काठी. संध्याकाळी पंपावर प्रेशर कमी असलं की भरायला वेळ लागायचा. मी वैतागायची, ते मात्र उभ्या-उभ्या ऑटोवाल्यांशी गप्पा मारायचे. पुढे घरातही भिंतीला धरून चालायला लागले. त्यासाठी कोणी काही सांगितलं नाही, त्यांनीही काही जाहीर केलं नाही. एका सकाळी आईला ते बाथरूमच्या दारात उभे दिसले, एवढंच.

डावा हात मात्र परत आला नाही. शर्टाची बटणं ते एका हातानं लावतात आणि दुसऱ्या कोणाला लावू देत नाहीत.

मागच्या महिन्यात फिजिओथेरपीच्या डॉक्टरीणबाई खूश होऊन म्हणाल्या, "काका, आता महिन्यातून एकदाच या."

बाबांचा चेहरा पडला. जिना उतरताना ते पुटपुटले, "मंग गॅस भराले कधी जाचं?"

आम्ही रविवारी जातो.