सोमवारी जुंपलेलं मशीन

ठाणाकुशनूरच्या जगदेवप्पाकडे काम घेऊन जाणारा माणूस आधी वार बघतो. सोमवारी त्याच्या दारात मशीन भाड्यानं न्यायची गोष्ट काढली की तो ग्रीसगन हातात घेऊन अंगावर येतो.

बसवण्णाचा वार म्हणून इकडे सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. लिंगायत ठेवत नाहीत, मराठेही ठेवत नाहीत. जगदेवप्पाकडे बैल नाही. त्याच्याकडे गवताचे गठ्ठे बांधणारं बेलर आहे, जवळपास त्याच्याच वयाचं, आणि सोमवार त्या बेलरचा. त्या दिवशी मशीन लिंबाखाली उभं असतं आणि तो त्याच्या पोटाखाली झोपून एकेका सांध्यात ग्रीस भरत असतो.

"देवासाठी न्हाई," तो म्हणतो. "देव काय ग्रीस खातो व्हय?"

त्याचं कारण कलबुर्गीत आहे. तिथल्या एका डाळमिलमध्ये तो बारा वर्षं फिटर होता. हंगामात मालक मिल थांबू देत नसे. एक बेअरिंग चार दिवस किंचाळत होतं आणि चार दिवस जगदेवप्पा ते सांगत होता. पाचव्या दिवशी शाफ्ट तुटला. मालकानं सगळ्या हमालांसमोर त्यालाच विचारलं, तू काय झोपला होतास? जगदेवप्पानं पाना तिथंच टाकला आणि गाडी धरून गावी आला. राग मात्र टाकला नाही. तो सोबत आणला.

बेलर त्याला जहिराबादकडच्या एका बंद पडलेल्या डेअरीच्या लिलावात दिसलं. बाभळीच्या झुडपात रुतलेलं, नावाची पाटी झिजून गुळगुळीत, आत मुंगसाचं बीळ. "चालू है, एकदम चालू," लिलाववाला म्हणाला. त्याचं जड चाक हलवायलाच जगदेवप्पाला एक पावसाळा लागला. लक्ष्मम्मा, त्याची बायको, शेण टाकून येता-जाता म्हणायची, "सवत आणलास ती आणलास, तीबी म्हातारी."

गाठ मारणारा भाग शिकवणारं कोणी नव्हतं. चिमणीच्या चोचीएवढी लोखंडी चोच सुतळी पकडते, वळते, सोडते. तो दिवसचे दिवस चाक हातानं फिरवत त्या चोचीकडे बघत बसला. गाव हसलं. भंगारवाला दोनदा विचारून गेला. पहिला घट्ट गठ्ठा बाहेर पडला तेव्हा बघायला कोणी आलं नाही, याचाही त्याला राग आला.

या मशीनला एक कच्चा बोल्ट लागतो. गवतात दगड आला, गवत दाबणारा दट्ट्या अडकला, की तो बोल्ट तुटतो, चाक मोकळं फिरतं आणि बाकीचं मशीन वाचतं. पक्क्या बोल्टच्या डोक्यावर आकडा असतो, कच्च्याचं डोकं कोरं. जगदेवप्पा दुकानात चष्मा लावून एकेक डोकं तपासून घेतो. त्याचा पुतण्या रविकुमार बेलर ओढणारा ट्रॅक्टर चालवतो. त्याला हे शंभरदा सांगून झालं होतं.

गेल्या मार्गशीर्षात एका सोमवारी जगदेवप्पा सुतळीचे गुंडे आणायला बिदरला गेला. ग्रीस भरून ठेव, एवढंच रविकुमारला सांगितलं होतं. दुपारी परतीच्या बसमध्ये फोन आला.

"काका, सुई तुटली."

सुई म्हणजे खालून सुतळी घेऊन वर येणारा हातभर लांबीचा वाकडा ओतीव तुकडा. तो कुठंच मिळत नाही.  चिंताकीच्या अंकुशरावांच्या माळावर मशीन नेलंय एवढं जगदेवप्पानं ऐकलं आणि तो वाटेत चिंताकीलाच उतरला.

अंकुशराव पुढे आले. "अण्णा, आभाळ आलं व्हतं. कापलेलं गवत रानात पडलंय. रवीचा दोष न्हाई, मीच म्हणलो चल."

"बोल्ट?"

"तीनदा तुटला," रविकुमार म्हणाला. "मग ट्रॅक्टरमधला पक्का घातलो."

जगदेवप्पानं अंकुशरावांच्या गोठ्याकडे बघितलं. दोन्ही बैल रवंथ करत बसले होते.

"तुजे बैल आज कामून बसलेत?"

"सोमवार हाय की."

"आन् माजं मशीन?"

"अण्णा, ते लोखंड हाय."

"बैल वरडतंय तरी! पाय झाडतंय, खाली बसतंय. ह्याला त्यातलं काय येत न्हाई. ह्याला वरडायला एक बोल्ट दिलो मी." तो रविकुमारकडे वळला. "तीनदा वरडलं. तू त्याचं तोंड दाबलास!"

त्यानंतर तो दोघांशीही बोलायचा बंद झाला.

औरादच्या निंगप्पा वेल्डरनं सुईचे दोन तुकडे जुळवून बघितले. "ओतीव हाय, अण्णा. आधी तापवावं लागतंय, जोडल्यावर सावकाश निवू द्यावं लागतंय. घाई केलास की पुन्हा फाटतंय." मंगळवारी त्यानं गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत सुई तापवली, वेल्डिंगच्या खास काडीनं जोडली, आणि तिथंच गरम राखेत पुरली. सकाळपर्यंत हात लावायचा नाही. लक्ष्मम्मा बसनं औरादला भाकरी घेऊन आली तेव्हा काका-पुतणे राखेच्या दोन बाजूंना बसले होते.

"त्याला सांग, राख उकरू नको," जगदेवप्पा म्हणाला.

"काकू, सांगा, मी काय उकरत न्हाई."

"मी काय टपाल हाय व्हय?" लक्ष्मम्मा म्हणाली. तेवढ्यात पाऊस आला. दोघं एकदमच उठले आणि एकाच पत्र्याची दोन टोकं धरून राखेवर उभे राहिले. बोलले तरीही नाहीत.

सुई निघाली तेव्हा तिच्यावर सुजल्यासारखा एक सांधा होता. घरी जगदेवप्पानं तो कानशीनं घासला आणि सुई बसवून चाक वीस वेळा हातानं फिरवलं.

शनिवारी काका-पुतणे मशीन घेऊन अंकुशरावांच्या माळावर गेले. वरच्या अंगाचं गवत वाळलं होतं, खालचं काळं पडलं होतं. "ह्यांना सांग," जगदेवप्पा रविकुमारकडे न बघता, अंकुशरावांकडेही न बघता म्हणाला, "ओलं बांधणार न्हाई. आतून तापतंय, पेटतंय." कोणाला कोणी सांगायचं ते कळेना, म्हणून कोणीच बोललं नाही. मशीन चालू झालं. सुई वर गेली, खाली आली. गठ्ठे पडू लागले. जगदेवप्पा बाजूनं चालत होता, डोळे फक्त त्या सांध्यावर.

चौथ्या फेरीला टक् आवाज झाला. चाक मोकळं गरगरलं.

रविकुमार उडी मारून उतरला. आधी सुईखाली वाकून सांध्यावरून बोट फिरवलं. सुई साबूत होती. मग दट्ट्यापुढचा दगड ओढून काढला, खिशातून बोल्ट काढला, त्याचं डोकं बघितलं आणि काकापुढे धरलं. जगदेवप्पानं चष्मा लावला. डोकं कोरं होतं. त्यानं ते अंगठ्यानं पुसून पुन्हा बघितलं.

रविकुमार बोल्ट बसवायला लागला.

"उलटा घालायलास, माकडा! डोकं तिकडं!"

"बोलला!" अंकुशराव हसले. "अण्णा बोलला!"

"तू गप," जगदेवप्पा म्हणाला. "तुज्याशी अजून बोलायलो न्हाई मी."