दुखण्याचा मानपान

आमच्या हॉस्पिटलात तोंडांचा तक्ता आला तेव्हाच मी म्हटलं होतं, आता बघा गंमत. सहा गोल तोंडं, पिवळीधमक. पहिलं हसतंय, त्याच्याखाली शून्य. शेवटचं धाय मोकलून रडतंय, त्याच्याखाली दहा. कुठलीशी तपासणी व्हायची होती, म्हणून वरून हुकूम निघाला की प्रत्येक पेशंटला दर तासाला विचारायचं, दुखणं किती, आणि तो सांगेल तो आकडा लिहायचा. दुखणं पेशंट सांगेल तेवढं, हे आम्हा नर्सांना पहिल्या वर्षापासून घोटवलेलं असतं आणि ते खरंच आहे. पण पेशंट कोणाला विचारून सांगतो, हे कोणी शिकवलं नव्हतं.

नाशिकच्या माणसाला आकडा विचारला की त्याला वाटतं सौदा सुरू झाला. घोटीचा एक तांदळाचा व्यापारी मूतखड्याने वाकडातिकडा होत होता, तरी मला म्हणतो, "तुम्ही बोला ना सिस्टर, तुम्ही किती धरता?" पंचवटीतल्या एका गुरुजींनी मलाच उलट विचारलं, की बाई, शून्य दुखणारा मनुष्य तुम्ही जन्मात पाहिलाय का? आणि त्यावर माझा चहा गार होईपर्यंत बोलले. सटाण्याकडची एक आजी चिडलीच. "दुखस म्हणजे दुखस, त्यान्हा काय आकडा!" आणि एका काकांनी पाय मोडलेला असताना हसऱ्या तोंडावर बोट ठेवलं. का, तर म्हणे हे त्यातल्या त्यात बरं दिसतंय, हे द्या.

त्या दुपारी मी कॅज्युअल्टीत होते. दिंडोरी रस्त्याला गतिरोधकावर एक मोटारसायकल घसरली होती. पुढे मुलगा, मध्ये त्याची आई, मागे त्याची बायको, आणि बायकोच्या मांडीवर पंधरा किलोचा तेलाचा डबा. घरी साखरपुडा, म्हणून पंचवटीत बाजार करून गावाकडे निघाले होते. मुलाचे गुडघे खरचटले. आईचं उजवं मनगट मोडलं. सून डब्यावर पडली.

पाठोपाठ गावाची जीप भरून माणसं आली. डबाही आला. तो स्टुलावर ठेवून सासऱ्यांनी चारी बाजूंनी फिरवला, तळ बघितला, झाकण दाबून बघितलं, वास घेतला. "गळत नाय. पोचा आलाय नुसता." सगळ्यांनी हुश्श केलं. डोक्यापासून पायापर्यंत पेशंट तपासायला आम्ही विद्यार्थिनींना शिकवतो ना, तशी त्या डब्याची तपासणी झाली, आणि सून शेजारच्या खाटेवर डोक्यावरचा पदर सावरत पडून होती.

मी आधी सासूकडे गेले, कारण सगळी जीप तिच्याभोवती उभी होती. बाई दणकट, आवाज खणखणीत. मी तिची नाडी बघते तोवर तिने माझी माहिती काढायला घेतली. गाव कोणतं, मुलं किती, मालक काय करतात. मग आवाज उतरवून, "तुमी कोन लोकं?"

हा प्रश्न मला रोज असतो. आमच्या कॉलनीतल्या बुद्धविहारात मी दर पौर्णिमेला जाते, ते सांगायला मला कसली चोरी नाही, पण मोडलेला हात धरलेला असताना मला असल्या चौकशीचा राग येतो. "सिस्टर लोकं," म्हटलं. "आता सांगा मावशी, दुखणं किती?"

"दहा!"

झालं. सभा भरली. एक चुलत दीर म्हणाले, "वहिनी, दहा नका म्हनू. उद्या जास्त दुखलं तर पुढं जागाच नाय." सासरे म्हणाले, नऊ लिहा. तिची नणंद म्हणाली, मागच्या महिन्यात अमक्याचा खुबा मोडला तेव्हा त्याला नऊ होतं, हात खुब्यापेक्षा खालीच हवा. पाच मिनिटं घासाघीस होऊन आठवर तुटलं. मी निमूटपणे आठ लिहिलं.

मग सुनेकडे वळले. पोरगी विशीतली, ओठ कोरडे पडलेले. "तुझं किती गं?"

तिने तक्त्याकडे बघितलंच नाही. शेजारच्या खाटेकडे बघितलं. "दोन."

आता आकडा काहीही म्हणो, मला डोळे आहेत. नाडी पळत होती. खालची पापणी ओढून बघितली तर फिकी. आणि ती सारखी डावा खांदा चोळत होती, खांद्याला साधा ओरखडासुद्धा नसताना. पोटात रक्त साचलं की कधीकधी ते खांद्यात दुखतं, हे डोक्यात वाजायला लागलं. मी स्टुलावरच्या डब्याकडे पाहिलं. त्याची एक कड माझी मूठ बसेल एवढी आत गेली होती. पत्र्याचं हे झालंय, तर हिच्या पोटाचं काय?

सलाईन लावली आणि डॉक्टरांना ओढून आणलं. बिचारे एकटे आणि कॅज्युअल्टी भरलेली. त्यांनी पोट दाबलं. पायथ्याशी सासरे, दीर, आणखी दोन पागोटी. पोरीने पदर दातात धरला आणि मान हलवली, नाय दुखत. बीपी तोवर ठीक होता. डॉक्टर म्हणाले, "सोनोग्राफी करू. लक्ष ठेवा, काही बदललं तर हाक मारा." पण त्या दिवशी सोनोग्राफीला ही गर्दी, आणि नव्या नियमाने रांग आकड्यावर लागायची. दोन आकड्याची बाई कुठे? सगळ्यात शेवटी. तिच्या पुढे कोपर सुजलेला एक गृहस्थ नऊ आकडा घेऊन ऐटीत बसला होता.

दरम्यान सासूला दुखण्याचं इंजेक्शन दिलं, हाताला कच्चं प्लास्टर घातलं. थोड्या वेळाने परत विचारलं. "आता पाच वाटतंय," सासू म्हणाली, आणि कोणाला न विचारता म्हणाली म्हणून मला बरंही वाटलं. सुनेला विचारलं.

"एक."

मी तिथेच थबकले. या पोरीला मी दुखण्याचं औषध दिलेलंच नव्हतं, डॉक्टरांनी सोनोग्राफीपर्यंत थांबवलं होतं. सासूला दिलेल्या इंजेक्शनाचा गुण सुनेला आला होता! आणि तिकडे नाडी मघापेक्षा जास्त पळत होती. तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. ही पोरगी तिचं दुखणं सांगतच नव्हती. ती सासूचं बघून, मर्यादा राखून, खालचा आकडा घेत होती.

मी पुरुषमाणसांना बाहेर काढलं. "डब्यासकट जा," म्हटलं. पडदा ओढला आणि तिच्या कानाशी वाकले. "खरं सांग बाळा. किती दुखतंय?"

"आत्याबाईंचं होऊ द्या आधी."

"त्यांचं झालं. तुझं सांग."

"त्यांचा हात मोडलाय ओ. माझं नुसतं पोट."

पडद्यापलीकडून खणखणीत आवाज आला. "काय म्हनतीय ती?"

"काय नाय आत्याबाई!" पोरीने ओरडून सांगितलं, आणि सांगताना तिच्या कपाळावर घाम फुटला.

सासूचा आकडा चढवला तर हिचा थोडा तरी चढेल, म्हणून मी वेड्यासारखी पलीकडे जाऊन म्हटलं, "मावशी, तुम्ही परत दहा म्हणा ना."

"कशाला? बरं वाटतंय आता. खोटं का बोलू?" हे त्या बाईने मला तोंडावर सुनावलं.

तिथे माझा तोल गेला. आवाज खाली ठेवून पण दात खाऊन बोलले. "मावशी, तुमची सून मरेल. तिच्या पोटात रक्त साचतंय असं मला वाटतंय, आणि ती दुखतंय म्हणत नाही. तुम्हाला पाच तर तिला एक. तुमच्यापेक्षा तिचं दुखणं मोठं झालं तर चालत नाही ना तुमच्या घरात?"

"मी काय तिचं तोंड धरलंय का?" बाई उसळली. "दुखू नको म्हनले का मी तिला? आमच्यात सुनंला लेकीवानी..." आणि मध्येच थांबली. प्लास्टरच्या हाताकडे बघत बसली. मग जे बोलली ते मला नव्हतं, कोणालाच नव्हतं. "माझ्या थोरल्याच्या वक्ताला माझ्या सासूची दाढ दुखत व्हती."

मला कळेना. "म्हणजे?"

"म्हंजे काय म्हंजे! घरभर तिच्या दाढंची गडबड. लवंग आना, हळद आना. मी माजघरात कळा देत व्हते. दाढंपुढं बाळतपन कसं मोठं करायचं? तोंडात बोळा घातला आन् पोरगं काढलं. सासू शेवटपत्तुर सांगायची, सून लय गुनाची, हूं का चूं केलं नाय."

मला हसूही येत होतं आणि डोळ्यांत पाणीही. अरे काय हे! दाढ आणि बाळंतपण यांचा मानपान!

तेवढ्यात बाई खाटेवरून उतरली. मी "अहो, पडाल" म्हणेपर्यंत पडदा सारून सुनेच्या उशाशी उभी. उठण्याच्या झटक्याने हात हिसकला असणार, तिचा चेहरा राखेसारखा झाला. पण आवाज तोच.

"शिस्टर, माझं शून्य लिवा."

"मावशी, हाड मोडलंय तुमचं."

"मोडू द्या. ते हसरं तोंड लिवा." मग सुनेकडे वाकून, "ए पोरी, हिकडं बघ. माझं काय दुखत नाय. आता तू सांग."

पोरीने तिच्याकडे बघितलं. खरंच म्हणतेय का, हे तिने दोनदा बघितलं. मग तिच्या तोंडातून पदर सुटला. "आत्याबाई, लय दुखतंय ओ!" आणि त्या तक्त्यातल्या शेवटच्या तोंडासारखी भोकाड पसरून रडली.

"दहा लिवा," सासू मला म्हणाली, "आन् पळा!"

मी पळाले. जाता जाता नाडी आणि बीपी परत मोजला, तो उतरायला लागला होता. डॉक्टरांनी या वेळी हात लावल्याबरोबर पोरगी किंचाळली, आणि त्यांनी रांगबिंग सगळी मोडून सोनोग्राफी करवली. नऊ आकड्याचे गृहस्थ फार नाराज झाले. प्लीहा फाटली होती. पोटात रक्तच रक्त. तशीच ऑपरेशनला घेतली.

बाहेर रक्ताची जुळवाजुळव सुरू झाली. जीपमधल्या माणसांनी बाह्या सरसावल्या, हेही सांगायला हवं, एकानेही पाय मागे घेतला नाही. फक्त ते चुलत दीर मला बाजूला घेऊन विचारत होते, की रक्तपेढीतून जी पिशवी येईल ती कोणाची असेल. मी म्हटलं, पिशवीवर गट लिहिलेला असतो, गाव नाही. ते पुढे काही बोलायच्या आत मागून सासू कडाडली, "गप बसा भावजी! मिळंल ते घ्या!" माझा त्या बाईवरचा अर्धा राग तिथेच उतरला.

पोरगी वाचली. साखरपुडा पुढे ढकलला. डबा मात्र दोन दिवस आमच्या कॅज्युअल्टीबाहेर कोपऱ्यात पडून होता. न्यायचं भान कोणाला राहिलं नव्हतं, आणि आमची सफाईवाली मावशी त्याला रोज पुसून ठेवायची.

नंतर माझी ड्युटी वरच्या वॉर्डात लागली तेव्हा दोघी शेजारी शेजारी होत्या. सुनेच्या पोटाला टाके, सासूच्या हाताचं ऑपरेशन त्याच सकाळी झालेलं, तारा घातलेल्या. इंजेक्शनाचा अंमल उतरत चालला होता. बोटं सुजून काकड्या झाली होती आणि बाई खाटेची कड डाव्या हाताने घट्ट धरून बसली होती. मी तक्ता घेऊन गेले.

"किती गं?" सुनेला विचारलं.

तिने तक्ता नीट बघितला. एकेका तोंडावरून बोट नेलं. शेजारी नजर टाकली नाही. "पाच," म्हणाली.

मी सासूकडे वळले. मी विचारायच्या आधीच ती बोलली.

"माझं चार लिवा."

"मावशी, खरं सांगा हं."

"सांगितलं ना! तिचं पाच तर माझं चार. तिचं उतरलं की माझं बी उतरवा." आणि कड धरलेला हात तिने पदराखाली नेला.

मी कागदावर चार लिहिलं. मग डॉक्टरांना फोन करून सगळं सांगितलं, आणि औषध दिलं ते आठाचं.