कांद्याच्या वखारीतले तीन चित्रकार

चित्रकाराच्या घरात चित्रं साठतात असं लोकांना वाटतं. चित्रं जातात हो. कुणी नेतं, काही कुजतात, काही आपणच फाडतो. साठतात ते किस्से. तिघं चित्रकार एका छपराखाली आले की विचारूच नका.

नव्वदच्या दशकात आम्ही तिघांनी बारामतीत कांद्याची एक जुनी वखार भाड्यानं घेतली होती. सांगवीचे बापूराव आमच्यात वडीलधारे, शाळेतून निवृत्त झालेले ड्रॉइंग मास्तर. सलीम इंदापूरचा, त्याच्या घरी बांगड्यांचं दुकान. तिसरा मी, दत्ता. भिंतींना कांद्याचा वास इतका मुरलेला, की बघायला येणाऱ्यांचे डोळे पाणवायचे. "आपली चित्रं बघून लोक रडतात," सलीम म्हणायचा.

पहिलं प्रदर्शन आम्ही गावातल्या एका हॉलमध्ये लावलं. दुसऱ्या दिवशी जाऊन बघतो तर मधोमध सतरंज्या अंथरलेल्या, आणि आमच्याच ईझलवर हार घातलेला एका म्हाताऱ्याचा फोटो. हॉलवाल्यानं तीच तारीख शोकसभेला दिली होती. मयताच्या घरी जाऊन भांडणार कोण? आम्ही मागं उभे राहिलो.

भाषणं झाली, सगळे शांत उभे राहिले, मग रांगेनं फोटोला फुलं वाहू लागले. फुलं वाहून झाल्यावर रांग तशीच भिंतीवरच्या चित्रांसमोरून पुढं सरकली. बापूरावांनी एक रिकामं अंगण काढलं होतं, दार उघडं आणि आत कुणीच नाही. एका आजोबांनी त्याच्यासमोर हात जोडले, उरलेलं फूल चौकटीवर ठेवलं आणि विचारलं, "ह्येच का वो मयताचं घर?"

"व्हय," बापूराव म्हणाले.

नंतर मी विचारलं, "खोटं का बोललात?" तर म्हणाले, "खोटं कुठं? कुणाचं तरी हायच की."

सलीम उन्हाळ्यात इंदापूरला घराच्या गच्चीवर तैलचित्रं काढायचा. एकदा ओल्या कॅनव्हासवर वावटळ आली आणि सगळी माती चित्राला चिकटली. तो दिवसभर जेवला नाही. ते चित्र नेमकं मुंबईच्या एका गॅलरीवाल्याच्या नजरेस पडलं.

"वा, हे टेक्स्चर कसं साधलंत?"

"साधलं न्हाय, झालं."

"अशी अजून करा. मी प्रदर्शन लावतो."

सलीमनं वर्षभर वावटळीची वाट बघितली. शेवटी मुठी भरभरून माती स्वतःच फेकली. गॅलरीवाला आला, एकेक चित्र बघत गेला आणि म्हणाला, "ह्यात ते नाही." सलीमनं सगळी चित्रं वखारीमागच्या उकिरड्यावर नेऊन पेटवली. बापूरावांनी त्याला अडवलं नाही, फक्त शेजारी जाऊन उभे राहिले.

सुप्याहून एक बाई आली होती. पूर्वी त्यांच्या घरी मेंढरं होती, आता शेती. तिची पोरगी तापानं गेलेली. "फोटू एकबी न्हाय. मी सांगते तसं काढा," म्हणाली. ती सांगायची, सलीम काढायचा, ती मान हलवायची, सलीम पुसायचा. असं आठवडे चाललं. चित्र पुरं झालं तेव्हा ती बराच वेळ समोर बसून राहिली.

"ही माझी पोरगी न्हाय," ती म्हणाली.

सलीमनं ब्रश उचलला. "सांगा, बदलतो."

"नगं. ऱ्हाऊ द्या. ही बी कुणाची तरी आसंलच की." आणि चित्र पदराखाली झाकून घेऊन गेली.

मग बापूरावांचे डोळे जायला लागले. काचबिंदू. ते रंगाच्या ट्यूबा ठरलेल्या ओळीत मांडायचे आणि चाचपून उचलायचे. एकदा झाडलोटीत ती ओळ विस्कटली. आम्ही बाहेरून आलो तेव्हा त्यांनी मातकट रंगानं अख्खं आभाळ भरलेलं.

"कसं झालंय रं आभाळ?"

सलीमनं माझ्याकडं बघितलं. "उन्हाळ्याचं, बापूराव. लई भारी."

ब्रश पुसत बापूराव म्हणाले, "मी श्रावणातलं काढत हुतो."

त्यांचं शेवटचं प्रदर्शन आम्हीच लावलं. तोवर त्यांची नजर पुरती गेली होती. त्यांचा मुलगा अनिल अपघातात गेला, तेव्हा नरसिंहपूरच्या संगमावर अस्थी सोडल्या होत्या. त्या दिवसाचं चित्र त्यांनी डोळे शाबूत असताना काढलेलं. वखारीत ते भिंतीला टेकवून ठेवलं होतं. प्रदर्शनासाठी बाहेर काढायला गेलो, तर वाळवीनं खाऊन नुसती सागवानी चौकट उरलेली. बापूरावांना सांगितलं. म्हणाले, "खिळा ठोका. तितली जागा मोकळी सोडा."

प्रदर्शनात ते त्या खिळ्याशेजारी उभे राहिले आणि येईल त्याला नसलेलं चित्र सांगू लागले. "ही भीमा. हिकडून नीरा येती. पानी गढूळ हाय. घाटावर आमची मानसं. आन खालच्या पायरीवर अनिलची आई बसलीय, मांडीवर कलश घिऊन."

अनिलची आई म्हणजे आमच्या काकू. त्या कधी कुठल्या प्रदर्शनाला आल्या नव्हत्या. त्या दिवशी शेजारणीबरोबर आल्या आणि मागं उभ्या राहून ऐकत होत्या. बापूरावांना कळायला मार्ग नव्हता.

"मी कुठं हुते तितं?" काकू म्हणाल्या.

बापूराव आवाजाकडं वळले.

"बायकांचं काम न्हाय म्हनून तुमी मला घरीच ठिवलं हुतं."

"व्हय," बापूराव म्हणाले. "म्हनून तर काढली."

काकू गर्दीतून पुढं आल्या. भिंतीसमोर थांबल्या. वर खिळ्याकडं बघितलं, खाली बघितलं.

"कुठं बसलीय म्हनला?"

बापूरावांनी खिळा चाचपला आणि भिंतीवरून हात हळूहळू खाली नेला. मग काकूंचा हात धरून तिथं टेकवला.

"हितं," ते म्हणाले. "पान्याच्या अगदी जवळ."