फोटोवाल्यानं काढलेला ट्रायपॉड

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका फोटोवाल्याचं दुकान आहे. खिशात मावणारा नवा मिररलेस कॅमेरा येणार म्हणून तो जावयाची वाट बघावी तशी त्याची वाट बघतोय. पण त्या कॅमेऱ्याला डोळा लावून बघायचा व्ह्यूफाइंडर नसणार, हे कळल्यापासून तो बेचैन आहे.

"डोळा लावल्याबिगर फोटो कसला? पडद्यावर बघून तर कुणीबी काढतंय की!" असं म्हणताना त्याचा डावा डोळा आपोआप मिटतो. ट्रायपॉडचा तर त्याला रागच. "ज्याचा हात हलतो, त्यानं घ्यावा."

परवा आईला व्हिसाच्या फोटोसाठी नेलं. त्यानं कॅमेरा डोळ्याला लावला की आई घाबरून ताठ व्हायची. चारदा तसंच झालं. शेवटी त्यानं कपाटामागून ट्रायपॉड काढला, धूळ पुसली, त्यावर कॅमेरा बसवला आणि स्वतः स्टूल घेऊन आईसमोर बसला.

"आज्जी, शेंगाचटणीत लसूण किती घालता?"

आई हसत सांगू लागली. त्यानं हातातल्या रिमोटचं बटण दाबलं.

"आज ट्रायपॉड कसा?" मी विचारलं.

"त्यांना माझं तोंड दिसाय पायजे की."

व्हिसाला हसरा फोटो चालत नाही, म्हणून मग त्यानं दुसरा काढला. पहिला आईनं मागून घेतला, आणि रिक्षा घरी पोचेपर्यंत ती त्या फोटोकडेच बघत होती.