घासलेले पाट

आमची आर्ट गॅलरी बघायला येणारी माणसं आधी हापूसबद्दल विचारतात. भर श्रावणात विचारतात. "एखादी पेटी मिळेल ना?" आंबा केव्हाच संपला म्हटलं की असं तोंड करतात, जणू आम्हीच सगळा खाऊन टाकला. मग नाइलाजानं चित्रांकडे वळतात.

गॅलरी म्हणजे गोठ्याचा अर्धा भाग. मधे चिऱ्याची भिंत, अलीकडे चित्रं, पलीकडे दोन म्हशी आणि एक गाय. बुरोंडीहून वर येणाऱ्या रस्त्यावर पाटी लावली आहे, 'शेतावरचं कलादालन'. ते शब्द माझेच, आणि दर वेळी वाचताना मलाच कसंसं होतं. पाहुण्यांना शेणाचा वास आवडतो. मिनिटभर आवडतो. "किती ऑथेंटिक!" म्हणत छाती भरून श्वास घेतात आणि मग हळूच रुमाल काढतात.

चित्रकार त्याहून वरचे. शनिवारी गाडीतून येणार, हर्णेच्या बंदरावर खुर्ची टाकणार आणि तीन होड्या, मागे नारिंगी गोळा, कोपऱ्यात झावळी असं काहीतरी उरकून परतणार. समोर माशांचा लिलाव चाललेला असतो, बायका एकमेकींच्या झिंज्या धरायच्या बेतात असतात. पण चित्रात माणूस औषधाला सापडायचा नाही. माणूस काढता येत नाही, मग म्हणायचं, "मला एकांत दाखवायचा होता." अशी चित्रं मी टांगते. त्यांच्याखाली दोन गोड ओळीही लिहून देते. मी स्वतः चित्रकला शिकलेली आहे, त्यामुळे ती चित्रं किती वाईट आहेत हे मला नेमकं कळतं. तरी टांगते. तेव्हा थट्टेत मलाही धरा.

मी मूळची पुण्याची. नवरा मुंबईत नोकरीला, गणपतीला आणि मे महिन्यात येतो. शेत मी आणि धाकटे दीर बघतो. भाऊजी कलमांचं पाहतात, भाताचं पाहतात आणि आषाढ लागला की पडवीत गणपतीचा कारखाना मांडतात. सासऱ्यांपासूनचं काम. वाडीतलं एकेक घर आपला पाट घेऊन येतं, वर नारळ आणि विडा. त्या पाटावर त्या घराचा गणपती घडतो, त्याच पाटावरून तो घरी जातो, आणि विसर्जन झालं की पाट पुन्हा घरी. मूर्ती दर वर्षी नवी, पाट तोच. बहुतेक फणसाचे, आजोबा-पणजोबांच्या वेळचे.

आता कारागिराच्या हातात देव असतो वगैरे ऐकायच्या तयारीत कुणी बसलं असेल तर त्यांनी उठावं. भाऊजींच्या हातात काही नाही. साचे बाहेरून आणलेले, झाडून सगळ्या गणपतींची नजर किंचित तिरळी, आणि अंगाचा गुलाबी रंग मिठाईच्या दुकानात शोभेल असा. संध्याकाळी थोडी घेतात. पण वाडीत त्यांना 'गणपतीवाले' म्हणत. बाकी दहा महिने त्यांना कुणी काहीच म्हणत नसे. आषाढात मात्र म्हातारी माणसंसुद्धा पडवीच्या पायरीशी चपला काढून उभी राहत. भाऊजींचं म्हणावं असं जगात तेवढंच होतं, हे मला तेव्हाही दिसत होतं.

तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात मुंबईहून एक बाई आल्या. मोठ्या गॅलरीशी संबंध असलेल्या. त्यांनी होड्या आणि सूर्यास्त बघितले न बघितल्यासारखे केले. परत जाताना पडवीत डोकावल्या. भिंतीला पाट लावून ठेवले होते.

"हे कुणाचं काम?" त्यांनी विचारलं.

मी हसले. "काम कसलं, पाट आहेत. वाडीतल्या घरांचे."

"तुमच्याकडची एवढी एकच गोष्ट खरी आहे," त्या म्हणाल्या. "फक्त फार घाण चढलीय. लाकूड दिसायला हवं. मी पुढच्या आठवड्यात दोघातिघांना घेऊन येते."

त्यांचा मला राग आला, आणि त्याच क्षणी त्या पुन्हा याव्यात म्हणून जीव टाकावासा वाटला. दोन्ही एकदम झालं. 'तुमची नजर आहे हो' एवढं त्यांच्या तोंडून ऐकण्यासाठी मी काहीही केलं असतं. केलंच.

भाऊजी चार दिवस केळशीला नातेवाइकांकडे गेले होते. मी पाट गोठ्यात आणले, साबणानं धुतले, पंख्याखाली वाळवले, पॉलिश पेपरनं घासले आणि वर तेल चोळलं. त्यांच्यावर कुंकू होतं, सुकलेला शाडू होता, वर्षानुवर्षांच्या रंगाचे ओघळ होते, मागच्या बाजूला भाऊजींनी खडूनं केलेल्या खुणा होत्या. सगळं गेलं. फणसाचं पिवळंधमक लाकूड निघालं. पांढऱ्या भिंतीवर ओळीनं टांगले, वर दिवे सोडले. खोटं कशाला बोलू, सुंदर दिसत होते. इतके सुंदर की मला रडू आलं.

भाऊजी परतले आणि दारातच उभे राहिले.

"वहिनी, यातला कुणाचा कुठला?"

"तुम्हाला ओळखता येतील की."

"कशावरून?"

मला खरंच वाटलं होतं की त्यांना ओळखता येतील. त्यांना एकही आला नाही. घरोघरची माणसं पाट ओळखत ती त्या ओघळांवरून. कुणाचा निळा, कुणाचा चांदीचा, कुणाच्या आजीनं सांडलेलं तेल. ते सगळं मी घाण म्हणून घासून टाकलं होतं.

बातमी वाडीत पोचायला काय लागतं. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात माणसं उभी. भिंतीवर खिळ्याला टांगलेले पाट बघून बायकांनी तोंडाला पदर लावले. एकाच पाटासाठी दोन घरं हमरीतुमरीवर आली. "आमच्या पणज्यानं केलेला हाय!" "तुझ्या पणज्याला रंधा धरता येत होता काय?" एक पाट कुणीच आपला म्हणेना. शेवटी खालच्या आळीतली काकी, वाडीत सगळ्यात वयानं मोठी, तिनं मलाच विचारलं, "घासले कुणी?"

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "रंगाचं, पाटांचं सगळं भाऊजींकडेच असतं ना."

एवढंच. त्यांनी घासले असं मी म्हटलं नाही. माझ्या बोलण्यात पकडण्यासारखं काही नव्हतं, याचा मला त्या क्षणी अभिमानही वाटला असेल.

भाऊजी म्हणाले, "चुकलं माझं. डोकं ठिकाणावर नव्हतं."

"तुझं कधी होतं?" मागून कुणीतरी बोललं. सगळे हसले. मग ज्यानं त्यानं अंदाजानं एकेक पाट काढला, काखेत मारला आणि चालायला लागला. त्या वर्षी वाडीचे गणपती दुसऱ्या गावातून आले. पुढची दोन वर्षंही. आषाढात आमच्या पायरीशी चपला दिसेनात. मुंबईच्या त्या बाई पुन्हा फिरकल्याच नाहीत.

भाऊजींनी हे मला कधी बोलून दाखवलं नाही, आणि त्याबद्दल मी त्यांनाच तुच्छ लेखलं. नेभळट माणूस, मनात म्हणायचे. एक शब्द बोलला असता तर मी कबूल तरी केलं असतं. स्वतःच्या गप्प बसण्याचा दोषही मी त्यांच्याच खात्यावर टाकला. ते आता पाहुण्यांना विकायला मातीच्या लहान लहान म्हशी करायला लागले होते. म्हशीही तिरळ्या. पाहुणे त्या हौसेनं नेत. 'फोक आर्ट' म्हणत.

यंदा ज्येष्ठात एका दुपारी त्यांना रिकाम्या पडवीत साचे पुसताना बघितलं. कुणाचं काम नाही, कुणी येणार नाही, तरी एकेक साचा उचलून फडक्यानं पुसत होते. बघवलं नाही. छत्री घेतली आणि खाली काकीकडे गेले.

काकी ओसरीवर आमसुलं निवडत होती. मी उभ्याउभ्याच सांगितलं, "काकी, ते पाट मी घासले. भाऊजी तर इथं नव्हतेसुद्धा."

तिनं मान वर केली नाही. "ठाऊक हाय."

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासनं. अगो, तो पाट घासंल? तो सोताचे पाय घासत नाय."

मला हसू फुटलं आणि लगेच लाज वाटली. "मग सगळ्यांनी पाट का नेलेत? त्यांना शिक्षा का?"

"त्याला कसली? तुला." आता तिनं पाहिलं माझ्याकडे. "ज्या घरात देवाचा पाट खिळ्याला टांगतात आणि इचारलं तर दुसऱ्याकडं बोट करतात, तिथं परत ठेवायचा कुणाच्या भरवशावर? तो मेला भोगतोय तुझ्यापायी, ते दिसतंय आम्हाला. पण तू काय बोलंस ना."

"आता बोलले ना."

"मोठे उपकार केलेस." तिनं सूप बाजूला ठेवलं. "पाट देऊ आम्ही. पण तुझ्या दारात नाय. त्याला सांग, सामान घेऊन आमच्या पडवीत ये. इथं बसून कर म्हणावं."

मी तिचं बोलणं जसंच्या तसं भाऊजींना सांगितलं, माझ्यावरचे शब्द न गाळता. ते म्हणाले, "बरं." दुसऱ्या दिवशी साचे, पत्र्याचे डबे, ब्रश सगळं डोक्यावरून खाली नेलं. माती मळायला आमच्या घरातून दोन घमेली तेवढी मागून घेतली.

आषाढात एकदा त्यांचा जेवणाचा डबा द्यायला गेले. पायरीशी चपलांचा ढीग होता. आत पाट ओळीनं मांडलेले, आणि त्यांवर गणपती: तेच, गुलाबी, तिरळे, भयंकर. ते बघून माझं मत तसूभरही बदललं नाही. भाऊजी पाठमोरे बसून एकाची सोंड गुळगुळीत करत होते आणि शेजारी बसलेल्या दोन म्हाताऱ्यांवर चक्क खेकसत होते, "उजेड सोडा हो जरा!" मी त्यांना इतक्या मोठ्या आवाजात बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

मी दारातच थांबले. काकी आतून म्हणाली, "भिजतेस कशाला? ये आत. फक्त कशाला हात लावू नको."

मी डबा खाली ठेवला, हात मागे बांधले आणि आत गेले.