तीन शाळा यशोदेच्या, एक माझी

मुलींच्या शाळा चालवणाऱ्या आमच्या समितीच्या चिटणीसपदावरून मला काढून टाकलं, असं खामगावात बोललं जातं. ते खोटं आहे. पद मी स्वतः सोडलं. खरं काय झालं ते माझ्याकडून कळावं म्हणून लिहिते.

बी. ए. होऊन वऱ्हाडात आले तेव्हा इकडे मुलींची शाळा शोधावी लागे. आज चार आहेत: खामगाव, वडनेर भोलजी, उंद्री, देऊळगाव राजा. चारही मी उभ्या केल्या आणि दर दोन महिन्यांनी तपासल्याही मीच. वर्षभरापासून झोप उडाली होती. डॉक्टर म्हणाले, विश्रांती घ्या. मला तो अपमान वाटला. मार्गशीर्षात नेहमीसारखी फेऱ्यावर निघाले.

ज्या भगिनींना या शाळा पाहायला यायचं असेल त्यांनी खामगावहून निघून जलंबला गाडी बदलून नांदुऱ्याला उतरावं. तिथून वडनेरला बैलांची दमणी. गाडीवान बारा आणे मागतो, आठ आण्यांत येतो. घोंगडी मात्र आपली न्यावी.

वडनेरला तिसरीच्या वर्गाला तोंडी गणित घातलं. उत्तर बरोबर आलं. पुढचं घातलं, तर वर्ग गप्प. मी आवाज चढवला. पुढच्या तरटावरची मुलगी उभी राहिली.

“बाई, तुमी हेच गणित तिसऱ्यांदा इचारून राह्यल्या.”

मागून कोणी खुदकन हसलं. मुलीला शाबासकी दिली आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. याच डोक्यावर चार शाळा उभ्या होत्या. ते गेलं तर त्याही जाणार.

खामगावला घरी परतून दुसऱ्या दिवशी चिखलीची मोटर धरली. धूळ फार, ड्रायव्हरशेजारची जागा मागून घ्यावी. उंद्रीला उतरले तर शाळेला कुलूप! शिक्षिकेसकट मुली कापूस वेचायला गेलेल्या. मी तशीच शेतात गेले. शेताच्या मालकीण काशीबाई साठीच्या, पण ओटी बांधून स्वतः वेचत होत्या.

“शाळा कोणाला विचारून बंद केली?”

“कोनालेच नाई. कापूस कोनाले इचारून फुटते का, बाई?” सगळ्या हसल्या. “बसा, भाकर खा, मंग रागवा.”

भाकरी आणि वांग्याचं भरीत खाताना पाहिलं. प्रत्येकीची एक ओळ, तिला त्या पात म्हणतात. एक मुलगी सर्वांआधी बांधाला पोचली आणि उलटी फिरून मागे राहिलेलीच्या पातीत वेचू लागली.

“ही नवी पात का धरत नाही? वेळ जातो ना!”

“एकटी पुढं जाऊन काय करते? मांगं मैतरीन राह्यली.” काशीबाईंचे हात थांबले. “तुमच्या मांगं कोन हाय, बाई?”

एक नाव होतं. मी ते कधी घेतलं नव्हतं.

यशोदा देऊळगावच्या भाजीमळेवाल्यांची सून, माझीच विद्यार्थिनी, आता तिथली शिक्षिका. तीन वर्षं तिचा प्रत्येक अहवाल मी फाडून पुन्हा लिहीत आले. चिखलीला मोटर बदलून संध्याकाळी पोचले आणि हातपाय धुण्याआधीच म्हणाले, “तीन शाळा आणि चिटणीसपद तू घे. खामगावची शाळा मी ठेवते. समितीला मी कळवीन.”

“अन् माझे अहवाल?”

“वाचीन.”

“फाडणार तर नाही ना?”

“चुकलीस तर सांगेन.”

“मग देता कशाला, बाई? चुकले तर माझी मी निस्तरीन. हे कबूल असलं तर घेते.”

इतक्या वर्षांत माझ्याशी असं कोणी बोललं नव्हतं. आधी राग आला, मग अभिमान वाटला. ताठ बोलायला तिला मीच शिकवलं होतं. म्हटलं, “कबूल.”

सकाळी तिनं वर्ग घेतला. फळ्यावर एक चूक झाली. मी हात पदराखाली दाबून बसले. दोन ओळींनंतर तिची तिनं ती पुसली.

घरी येऊन पंधरा दिवस झाले. पाचनंतर कोणी काम आणलं तर उद्या या म्हणते. झोप येते, पण रोज नाही. उंद्रीचं पत्र लांबलं की अजून जीव कासावीस होतो. पण तिथलंही कुलूप निघालं; चारही शाळा चालू आहेत, त्यांतल्या तीन माझ्याशिवाय. याहून मोठं काम माझ्या हातून झालेलं नाही.

देऊळगाव राजा मुक्कामी यशोदाबाईंच्या स्वाधीन केलं ते असं: तीन शाळांच्या माझ्याजवळच्या जादा किल्ल्या, हजेरीची पुस्तकं, समितीचा शिक्का, कोऱ्या कागदांचा एक दस्ता. पावती तिनं लिहिली, सही तिची. मजकूर मी वाचला. बदलला नाही.