चिमूटभर तांबडी माती

शिजत्या हळदीचा ओलसर, मातकट वास सांगलीच्या शिवारातून येऊ लागला, की मला इद्रिस आठवतो. सुदानहून औषधांचं शास्त्र शिकायला आलेला हा उंच, अबोल मुलगा आमच्या माडीवर भाड्याने राहत असे. त्याच्या देशात लष्कराचीच दोन शकलं एकमेकांवर उठली होती, आणि त्याचे दोघे थोरले भाऊ दोन बाजूंना लढत होते. रडणारी आई मात्र दोघांची एकच.

माझे थोरले बंधू अण्णा जुने पैलवान. एकदा ते आम्हा दोघांना कुंडलच्या मैदानात घेऊन गेले. सलामीला दोन मल्लांनी चिमूटभर तांबडी माती एकमेकांच्या हातावर ठेवली. मनात वैर नसल्याची खूण असलेली ही देवाणघेवाण झाल्याशिवाय आमच्याकडे कुस्ती लागत नाही. बराच वेळ कुणीच चितपट होईना, भोवतालचा जमाव दोघांनाही चेतवत राहिला, आणि अखेर मावळत्या उन्हात पंचांनी दोघांच्या पाठीवर हात ठेवून कुस्ती बरोबरीत सोडवली.

"लोक ओरडत होते, तरी सोडवली?" इद्रिसने त्याच्या मोडक्या मराठीत विचारलं.

"मग रं? बगणाऱ्याचं काय जातंय? हाडं ह्येंची मोडत्यात," अण्णा म्हणाले. "भाईरच्याच्या आरोळीवर कुस्ती चालत न्हाई, गड्या."

"आमच्याकडे बाहेरचेच बंदुका देतात. एक देश याला, दुसरा त्याला. पंच कुणीच नाही."

मला विलक्षण संताप आला. ज्यांना त्याच्या गावाचं नावही धड उच्चारता येणार नाही, अशा परक्यांनी त्या घरातली भावंडं वाटून घ्यावीत!

पुढच्या हळदीच्या हंगामात इद्रिसच्या आईचा फोन आला. मधला भाऊ ड्रोनच्या हल्ल्यात गेला होता. ते यंत्र दूरच्या कुठल्याशा देशाने थोरल्याच्या बाजूला पुरवलेलं होतं. इद्रिस जिन्यावर बसून राहिला. अण्णा जाऊन त्याच्या शेजारच्या पायरीवर बसले.

तो आईकडे निघाला, तेव्हा अण्णांनी देवघरात जपलेली आखाड्याची माती कागदात बांधून त्याला दिली.

"थोरल्याच्या हातावर ठेवीन," एवढंच तो म्हणाला.

आज पुन्हा सांगलीच्या वाऱ्याला हळदीचा वास आहे, माडी रिकामी आहे. अण्णा अधूनमधून विचारतात, "त्येचा काय सांगावा?" थोरल्याने हात पुढे केला की नाही, हे आम्हाला अजून कळलेलं नाही.